सिमेंटचे पोते आणि भूमीचे ऋण



घर बांधावयास निघालेला माणूस सिमेंटच्या पोत्याचा भाव विचारतो. ते पोते ज्या भूमीतून आले, तिने त्यासाठी काय मोजले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहावे. राजुरा-कोरपना परिसरात कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी साचलेले चुनखडीचे थर आहेत आणि जवळच दगडी कोळसा आहे. ही दोन्ही दाने निसर्गाने शेजारी ठेवली, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांनी अनेक हातांना काम दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण हिशेबाला दुसरीही बाजू असते.

सिमेंटचे प्रदूषण म्हटले की धुराडे आणि धूळ डोळ्यांपुढे येतात. त्याहून मोठा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. चुनखडी व चिकणमाती दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की क्लिंकर तयार होते. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की झाले सिमेंट. चुनखडी तापताच तिच्यात बद्ध असलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू हवेत जातो. इंधनाचा धूर तो वेगळाच. म्हणजे उद्या भट्टीतील कोळसा पूर्णपणे थांबला, तरी निम्म्याहून अधिक उत्सर्जन उरतेच, कारण ते दगडातून येते. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे आणि सिमेंट उत्पादनात भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल लागतो.

जगाचे तापमान हा दूरचा विषय वाटत असेल, तर खाणीच्या काठावरचे गाव जवळचे आहे. सुरुंगाने घरे हादरतात. मालमोटारींच्या वर्दळीने उडालेली धूळ पिकांच्या पानांवर बसते, श्वासावाटे फुप्फुसांत जाते. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की पाणी उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी आटण्याचे भय निर्माण होते. कापूस पिकवणारा शेतकरी आणि डोंगरावरील कोलाम बांधव यांनी हा विकास आपल्या अंगणातून जाताना पाहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथ्या स्थानी होते. त्यात कोळसा, वीज आणि सिमेंट या तिघांचाही हात होता.

मग सिमेंट नकोच, असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. धरणे, पूल, गरिबाचे पक्के घर यांना सिमेंट लागणारच. प्रश्न दोहनाचा की शोषणाचा, एवढाच आहे. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा ठेवावा लागतो.

तसा मार्गही उपलब्ध आहे. औष्णिक वीज केंद्रांतील राख एकेकाळी केवळ उपद्रव समजली जाई. आज पोझोलाना सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. जितकी राख अधिक, तितके क्लिंकर कमी. स्वित्झर्लंडमधील संशोधकांबरोबर आपल्या आयआयटींतील शास्त्रज्ञांनीही ज्यावर काम केले, त्या एलसी-३ या सिमेंटमध्ये क्लिंकर निम्मेच असते; उरलेल्या भागात मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी. त्यामुळे उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. २०२३ साली या सिमेंटचे भारतीय मानकही निघाले.

आपल्या पूर्वजांनी गडकोट बांधले ते घाणीत मळलेल्या चुन्यावर. चुन्याची भट्टी सुमारे ९०० अंशांवर चालते आणि भाजताना दगडातून सुटलेल्या वायूपैकी बराचसा चुना घट्ट होताना पुन्हा शोषून घेतो. चुन्यावर आजचे उड्डाणपूल उभे राहणार नाहीत, हे खरेच. पण जुन्या वाड्यांच्या, मंदिरांच्या दुरुस्तीला सिमेंट फासण्याचा अट्टाहास तरी कशासाठी?

सरकारी निविदांनी मिश्र सिमेंटला प्राधान्य द्यावे. खाण संपल्यावर जमीन सावरण्याची अट कागदावर राहू नये. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी खाणबाधित गावांच्या पाण्यावर आणि आरोग्यावर खर्च होतो की नाही, हे ग्रामसभांनी विचारावे. आणि घर बांधणाऱ्याने पोत्याचा भाव विचारताना त्यातील क्लिंकरचाही विचार करावा. डोंगर एकदा फोडला की पुन्हा उभा राहत नाही. निदान त्याचा प्रत्येक दगड सत्कारणी लागावा, एवढे ऋण तरी या पिढीने मानावयास हवे.