होडी बांधणाऱ्या हातांची विद्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात शिरूर व दौंड येथील विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. शिरूर-दौंड कुठे आणि समुद्रावरच्या लाकडी होड्या कुठे? आपली घोडनदी आणि आपली भीमा या दोघीही सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात. तेथून कोकणचा समुद्र हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. पण दोघीही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहत जातात. आपणही तसेच त्या समुद्राकडे पाठ करून बसलो आहोत. १९८० साली उजनी धरण पुरे झाल्यापासून दौंड तालुक्याच्या खालच्या अंगाला भीमेचे पाणी पसरते व तेथे मासेमारीच्या होड्या दिसतात, एवढाच काय तो आपला होडीशी संबंध.

माझा संबंध थोडा अधिक आहे. वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आमचे घर दौंडला झाले. परंतु माझे आजोळ रत्नागिरीकडचे, खाडीच्या काठचे. माझे मामू होड्या बांधणारे मिस्त्री होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जात असू, तेव्हा माडांच्या सावलीत अर्धवट बांधलेली होडी उभी असायची आणि मामू वाकस घेऊन लाकूड तासत असायचे. त्यांना मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण होते. हातात कागद नाही, नकाशा नाही. दोरी, खडू, ओळंबा आणि डोळा, एवढ्यावर होडी उभी राहत असे.

आज मला तुमच्यापुढे एकच गोष्ट मांडावयाची आहे. होडी बांधणे ही विद्या आहे, आणि ती लिहून ठेवली नाही तर ती बांधणाऱ्याबरोबर कबरीत जाते.

प्रथम शब्दांकडे पाहा. जहाज, सुकाणू, खलाशी हे शब्द अरबीतून आले. बंदर, लंगर, नाखवा हे फारसीतून. मोठ्या लढाऊ गलबताला गुराब म्हणत, तोही शब्द अरबी. पण शीड, वल्हे, डोलकाठी, तारू हे आपले येथलेच. कोकणातल्या कोळ्याच्या, भंडाऱ्याच्या, दालदी मुसलमानाच्या तोंडी हे सारे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात. चौलच्या बंदरात दहाव्या शतकात आलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशाने तेथल्या मुसलमान वस्तीबद्दल लिहून ठेवले आहे. म्हणजे हा शेजार हजार वर्षांहून जुना आहे.

यातला एक शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. जहाजाला वाट दाखविणाऱ्याला आपल्या किनाऱ्यावर मालीम किंवा मालम म्हणत. हा मूळ अरबी शब्द मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. इल्म, तालीम आणि मुअल्लिम ही एकाच घरची भावंडे आहेत. आपल्या पूर्वजांनी वर्गातल्या गुरुजींना आणि तारवावरच्या वाटाड्याला एकच नाव दिले होते. शाळेतली विद्या आणि हाताची विद्या यांत उच्चनीच भेद करण्याची खोड आपल्याला पुढे लागली.

आता होडी कशी बांधतात ते थोडक्यात सांगतो. प्रथम तळाचे लांब, सरळ, जाड लाकूड ठेवतात. हा होडीचा कणा. कच्छकडचे मिस्त्री त्याला पठाण म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकाला वर उठणारी नाळ जोडतात, मागल्या टोकाला सुकाणूचा आधार उभा करतात. मग दोन्ही बाजूंनी फळ्या चढू लागतात. युरोपात पुढे अशी रीत पडली की, आधी बरगड्या उभारायच्या आणि मग त्यांवर फळ्या ठोकायच्या. अरबी समुद्राच्या काठच्या जुन्या पद्धतीत फळ्या आधी आणि बरगड्या नंतर. याचा अर्थ काय, ते ध्यानात घ्या. होडीचा पोटातला गोलावा ठरवायला समोर कोणताही सांगाडा नसतो. तो गोलावा मिस्त्रीच्या डोक्यात असतो. तो चुकला, तर होडी एका अंगाला कलते किंवा माल भरल्यावर डोलू लागते, आणि मग माणसे मरतात.

लाकडाची पारखही तशीच. फळ्यांना सागवान, कारण ते पाण्यात सहसा कुजत नाही व फारसे वळत नाही. बरगड्यांना मात्र सरळ लाकूड चालत नाही. सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याचे तंतू तुटतात. म्हणून मिस्त्री जन्मतःच वाकडी वाढलेली फांदी शोधतो. गुजरात-कच्छच्या किनाऱ्यावर यासाठी बाभूळ वापरतात. आपल्या बांधावरची काटेरी बाभूळ, जिला आपण जळणापलीकडे किंमत देत नाही, तिच्या वाकड्या फांदीत दर्यावर्दी माणसाला जहाजाची बरगडी दिसते.

फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस किंवा काथ्या ठासून भरतात. वरून राळ आणि तेल यांचा हात देतात. माशाच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, जेथे जे मिळेल ते. हे दरवर्षी करावे लागते, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा ही डागडुजी चालते. नीट निगा राखली तर लाकडी होडी बापाकडून मुलाकडे जाते.

या विद्येने काय केले, याचा इतिहास साक्षी आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथे जहाजे बांधावयास घेतली. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी व जंजिऱ्याच्या सिद्दीशी जो झगडा झाला, त्यात महाराजांच्या बाजूने मायनाक भंडारी आणि दौलतखान हे दोघे लढले. ती जहाजे ज्या सुतारांनी बांधली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला पाठ नाही.

पारशी सुतारांची गोष्ट वेगळी झाली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. १८१३ मध्ये तेथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावरच पुढे १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यातील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. सुताराच्या घरात वही आली, म्हणून ते नाव उरले. वहीमुळे वाकस सुटला नाही, हेही लक्षात घ्या.

मग आज ही विद्या का मावळते आहे? कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. चांगले सागवान दुर्मिळ आणि महाग झाले. फायबरची होडी साच्यातून निघते, तिला दरसाल तेल-राळ लागत नाही, किडा लागत नाही. ज्याचे पोट दर्यावर आहे, त्याने ती घेतली तर त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मिस्त्रीचा मुलगा मुंबईला किंवा आखाताकडे नोकरीला गेला, तर त्यालाही नाही. ज्याला पोट नाही अशा माणसालाच वारसा फुकट जपता येतो.

परंतु न लिहिलेल्या विद्येची किंमत किती पडते, याचे ताजे उदाहरण देतो. आपल्या महाराष्ट्रातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. तसे जहाज पुन्हा बांधावे असे भारत सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आणि नौदलाने ठरविले. खिळे न मारता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले जहाज. ही शिवणकामाची कला एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावर सर्रास चालत असे. पण तसे मोठे जहाज बांधण्याचा एकही नकाशा हाती नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात काम सुरू झाले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या शिवल्या गेल्या. चित्रावरून अंदाज बांधावा लागला आणि मद्रासच्या आय.आय.टी.त नमुना पाण्यात घालून पारखावा लागला. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिच्या पोटात एक धडाही आहे. ज्या गोष्टी एके काळी किनाऱ्यावरच्या साध्या सुताराला ठाऊक होत्या, त्या भिंतीवरच्या चित्रावरून शोधून काढायला सरकार, नौदल आणि शास्त्रज्ञ लागले. आणि त्यांनाही अखेर हात लागले ते कारागिराचेच. बाबू शंकरन यांच्यासारखी माणसे उरली नसती, तर ते चित्र भिंतीवरच राहिले असते.

इतर देश काय करतात? इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीच्या मुसलमान सुतारांची ‘पिनिसी’ जहाजे बांधण्याची कला २०१७ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत गेली. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड व आइसलंड या उत्तरेकडील देशांची एकावर एक फळी चढवून होडी बांधण्याची पद्धत २०२१ साली त्याच यादीत गेली. हे देश गरीबही आहेत आणि श्रीमंतही. होडी बांधणे हे मागासपणाचे लक्षण आहे असे त्यांना वाटत नाही.

आता माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करतो. शाळेत असताना घरच्यांचे धंदे विचारले गेले, तेव्हा मी मामूंचे नाव घेतले नाही. सुतारकाम सांगायची मला लाज वाटली. पुढे मी शिकलो, शिक्षक झालो. एके वर्षी आजोळी गेलो असता मामूंनी मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, “तू लिहिता-वाचता झालास. माझी मापे एकदा उतरवून घे. कोणत्या लांबीला किती रुंदी, नाळ किती उचलायची, ते सारे मी सांगतो.” मी म्हणालो, “मामू, पुढच्या सुट्टीत नक्की.” पुढच्या सुट्टीत परीक्षेचे काम निघाले. त्याच्या पुढच्या सुट्टीत घरचे लग्न. त्यानंतर मामू राहिले नाहीत. त्यांचा वाकस आजही माझ्या घरी आहे. पण तो कसा धरायचा हेसुद्धा मला येत नाही.

हजरत नूह यांच्या किश्तीची गोष्ट आपण मुलांना मोठ्या आदराने सांगतो. आणि त्याच तोंडाने मुलाला बजावतो की, अभ्यास कर, नाहीतर सुतार होशील. ही विसंगती आमच्या, म्हणजे शिकलेल्या माणसांच्या, पदरात आहे. शिक्षण संस्थांनी कारागिराच्या मुलाला शाळेत आणले, हे फार मोठे काम झाले. परंतु शाळेच्या दारात त्याने बापाचे हत्यार खाली ठेवावे, अशी अट कोणी न बोलता घातली गेली. ती आता उठविली पाहिजे.

यास्तव तुमच्यापुढे काही सूचना ठेवतो. त्यांना फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, आपल्या शाळांची सहल कोकणात जाते तेव्हा किल्ला आणि समुद्र पाहून परत येऊ नका. जेथे लाकडी होडी बांधणारा किंवा दुरुस्त करणारा मिस्त्री असेल तेथे दोन तास थांबा. मुलांनी मापे घ्यावीत, आकृत्या काढाव्यात, भागांची नावे त्याच्याच तोंडची लिहावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्याची परवानगी घेऊन त्याचे हात टिपून ठेवा. आणि त्याच्या वेळेचा मोबदला देण्यास विसरू नका.

दुसरी गोष्ट, विज्ञान प्रदर्शनात एक वर्ष होडीचा लाकडी नमुना ठेवा. त्यात भूमिती आहे, आर्किमिडीजचा सिद्धांत आहे, वनस्पतिशास्त्र आहे, इतिहास आहे. आणि ज्याला त्यात गोडी वाटेल, त्याला सांगा की जहाजबांधणीचे शास्त्र मद्रास आणि खरगपूरच्या आय.आय.टी.त, तसेच कोचीनच्या विद्यापीठात शिकवितात. वाकसापासून तेथपर्यंत वाट जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत जवळची. शिरूर-दौंडला जहाजे होत नाहीत. पण आपल्या घरांत कोणी पिंजारी आहे, कोणी शिकलगार, कोणी कासार, कोणी बैलगाडीची चाके भरणारा सुतार. त्यांचीही मापे कोठे लिहिलेली नाहीत. होडीची गोष्ट मी सांगितली ती यासाठी की, समुद्रकाठी जे चालले आहे तेच आपल्या ओट्यावरही चालले आहे. या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा आळीतल्या एका वडीलधाऱ्या कारागिराजवळ बसावे आणि एक वही भरावी. अशा वह्या संस्थेच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर पुढल्या पिढीला भिंतीवरचे चित्र पाहून अंदाज करीत बसावे लागणार नाही.

मित्रांनो, मामूंनी मला फक्त एक वही मागितली होती. ती मी देऊ शकलो नाही. तुमच्या घरात आज जो कोणी मागत असेल, किंवा मागायला संकोचत असेल, त्याला पुढच्या सुट्टीचा वायदा करू नका.