सध्या काय वाचताय?
(जांबोटी येथे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला 'वाचनाचे महत्त्व' हा विषय दिला होता. मी म्हटलं, महत्त्व सगळ्यांना पटलेलंच आहे, वाचत मात्र कुणी नाही. त्यापेक्षा मी काय वाचतो ते सांगतो, मग तुम्ही तुमचं सांगा.

आपल्या जांबोटीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कणकुंबीकडून एकदा आला की गणपती आले तरी हलत नाही. माझ्या लहानपणी अशा रात्री वडील पडवीत कंदील लावून मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या चार घरांतली माणसं घोंगडी पांघरून येऊन बसायची. पुस्तक एक, वाचणारा एक, ऐकणारे पंधरा. रणजित देसाईंची 'स्वामी' मी अशीच प्रथम ऐकली. देसाई कोवाडचे, म्हणजे शेजारच्या चंदगड तालुक्यातले, याचा वडिलांना फार अभिमान. रमाबाई सती जातात तो भाग आला तेव्हा आजी उठून आत गेली. पण दाराआड उभी राहून ऐकत होती, हे मी पाहिलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती.

पुढं मी मास्तर झालो. पगारातून पुस्तकं घ्यायला लागलो. जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया' एका सहकाऱ्याला वाचायला दिलं, ते काही परत आलं नाही. मला राग आला आणि मी कपाटाला कुलूप लावलं. त्याच सुमारास एक विद्यार्थी दारात आला. "गुरुजी, गोष्टीचं एखादं पुस्तक देता काय?" मी म्हटलं, "अभ्यास कर आधी." तो गेला. पुन्हा कधी आला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो चोर्ल्याच्या गाडीत भेटला. गोव्यात कामाला होता. मी मास्तरी सवयीनं विचारलं, "काय वाचतोस की नाही?" तो हसला. म्हणाला, "नाही गुरुजी, सवयच लागली नाही." बोलण्यात राग नव्हता. त्याला तो दिवस आठवतही नसेल. मला मात्र बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेरच बघावं लागलं.

निवृत्तीनंतर कपाट नीट उघडलं. भिंतीला ओल आली होती, खालच्या दोन कप्प्यांचं वाळवीनं माती केलं होतं. आणि ते हरवलेलं 'काजळमाया'? सहकारी वारल्यावर त्यांच्या पत्नीनं आणून दिलं. पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "शेवटपर्यंत उशाशी होतं हो," म्हणाल्या. मी ते त्यांनाच ठेवायला सांगितलं. त्यांचं होतंच ते.

आता सध्याचं वाचन. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मी नातीला वाचून दाखवतो आहे. संत म्हणजे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. त्यांचा लंपन आपल्याच सीमाभागातला पोर, त्याच्या मराठीत कानडी सहज मिसळलेलं. नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी अडखळत वाचते. पण लंपन ऐकताना म्हणाली, "आजोबा, हा आपल्यासारखंच बोलतोय!" काल मी डुलकी काढली, तर तिनं पुढचं अर्धं पान बोट ठेवून स्वतःच वाचलं होतं.

दुसरं नाव निपाणीच्या महादेव मोरे यांचं. पिठाची गिरण चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं कथा-कादंबऱ्यांत आणली. २०२४ साली ते गेले. आपल्या भागातल्या किती घरांत त्यांचं एक तरी पुस्तक आहे?

तिसरं, उमा कुलकर्णी यांचं आत्मकथन 'संवादु अनुवादु'. त्या बेळगावच्या माहेरवाशीण. पती विरूपाक्ष कानडी पुस्तक वाचून दाखवत आणि त्या मराठीत लिहीत. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' त्यांच्यामुळे मराठीत आलं आणि त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सीमाप्रश्न आपल्या जागी आहे आणि आपली भूमिकाही. पण शेजारच्या घरात कोणतं पुस्तक वाचतात हे समजून घेतलं म्हणून आपली मराठी उणी होत नाही.

पुस्तक सुचवताना एकच पथ्य पाळा. ते थोर आहे म्हणून सुचवू नका, समोरच्या माणसाकडे बघून सुचवा. नवख्या वाचकाच्या हातात पहिल्याच दिवशी 'काजळमाया' दिलं तर तो आपल्याला टाळून पलीकडच्या रस्त्यानं जाईल.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथं गावकरी साहित्य संमेलनं भरवतात. संमेलन आपल्याला एकदम जमणार नाही. पण रोज संध्याकाळच्या आरतीनंतर पाच मिनिटं तर आहेत? एकानं उभं राहायचं, वाचत असलेलं पुस्तक हातात धरायचं, काय आवडलं ते सांगायचं. कंटाळा आला असेल तर तेही सांगायचं. आणि कुणी मागितलं तर तिथंच द्यायचं. वहीत नाव लिहू, दंड मात्र नको. पुढच्या चतुर्थीपर्यंत परत आलं तर आनंद. नाही आलं तर ते कुणाच्या तरी उशाशी आहे असं समजू.

सुरुवात माझ्यापासून. वाळवीतून वाचलेली पुस्तकं दोन पिशव्यांत भरून आणली आहेत, त्या प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. 'वनवास' तेवढं देता येणार नाही, नातीच्या अजून दोन गोष्टी राहिल्या आहेत. कपाटाचं कुलूप काढून टाकलं आहे. आणि आज कुणी पोर मागायला आलं, तर अभ्यास झाला का, असं मी विचारणार नाही.

बसा, घाई करू नका. आता तुमच्यापैकी कोण सांगतंय, सध्या काय वाचताय?

गणपती बाप्पा मोरया!