व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरात आला तेव्हा

(सभासदांच्या छंदांविषयी सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



माझ्या छंदाबद्दल बोलायचं म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी घरीच ताकीद दिली आहे, ‘तांत्रिक फार सांगू नका, लोक चहाला उठतील.’ तेव्हा तांत्रिक लागेल तेवढंच सांगतो. पण थोडं सांगावं लागेल, कारण ही गोष्ट माझ्या हॉलमध्ये सुरू झाली आणि आपल्या पार्किंगमध्ये संपली.

माझ्या वयाच्या मंडळींना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही यायचा. आधी आत तांबूस उजेड पडायचा, मग थोड्या वेळानं निवेदकाचा आवाज जणू दुरून चालत यायचा. त्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. फ्लेमिंगनी पहिला व्हॉल्व्ह 1904 मध्ये केला. 1906 मध्ये ली डी फॉरेस्टनी त्यात आणखी एक तार घातली, तिला ग्रिड म्हणतात, आणि तिच्यामुळे बारीक सिग्नल मोठा करता येऊ लागला. 1947 मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू व्हॉल्व्ह घराबाहेर पडले. पण गाणं ऐकणाऱ्या काही हट्टी लोकांनी ते सोडले नाहीत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते आजही तयार होतात.

माझ्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर, तीसेक वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि दोन मध्यम आकाराचे स्पीकर होते. माझ्या पंचाहत्तरीला मुलानं व्हॉल्व्हचे दोन ॲम्प्लिफायर आणले. दोन अशासाठी, की डाव्या स्पीकरला एक आणि उजव्याला एक. प्रत्येकात ईएल-84 या जातीच्या दोन नळ्या शेवटी, आणि ताकद बारा बारा वॉट. किंमत त्यानं सांगितली नाही, पण खोक्यावरचं लेबल मी वाचलं. मुलगा परत गेला आणि मी जोडणीला बसलो.

पहिला दिवस फजितीचा. रेकॉर्ड प्लेअरची वायर सरळ नव्या ॲम्प्लिफायरला लावली. किशोरीताईंचा भूप लावला, तर शेजारच्या इमारतीत कुणीतरी गातंय असं वाटावं. चूक माझी होती. रेकॉर्डच्या पिनमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त भरलेले असतात. ते आधी उलटे सरळ करावे लागतात, आणि ते काम माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरमधला फोनो विभाग इतकी वर्षं मुकाट्यानं करत होता. नवे पाहुणे फक्त ताकद देणारे. मी मात्र म्हाताऱ्याला माळ्यावर टाकायला निघालो होतो!

जुन्याच्या पाठीमागे ‘प्री आउट’ लिहिलेल्या दोन खोबणी असतात. तिथून आवाज बाहेर काढता येतो, म्हणजे रेकॉर्ड सांभाळणं आणि आवाज कमी-जास्त करणं जुन्याकडे, स्पीकर हलवणं नव्याकडे. तुमच्या घरी असा जुना ॲम्प्लिफायर असेल, तर विकण्याआधी एकदा त्याची पाठ बघा.

आता आवाज आला, पण त्याच्याबरोबर ‘घुंऽऽ’ अशी गुणगुणही आली. आलापाच्या मधल्या शांततेत तर ती तानपुऱ्याच्या वर. मुलगा फोनवर विचारायचा, ‘बाबा, कसं वाजतंय?’ मी म्हणायचो, ‘झकास!’ फोन ठेवला की जुनाच सेट लावायचो. एवढे पैसे खर्चून पोरानं आणलं, त्याला नाही कसं म्हणायचं? तीन आठवडे असे काढले.

मग एका कारागिराला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत उपाय केला. दोन्ही प्लगची वरची जाडी पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकली. गुणगुण गायब! मी खूश. दोन रात्री मनसोक्त ऐकलं. तिसऱ्या रात्री अनवाणी उठलो, ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना चिमटा बसला. बारीकसाच, पण झोप उडाली.

मंडळी, या यंत्राच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते. अर्थची पिन जागेवर असेल, तर आत कुठे फेजची तार पत्र्याला लागली की वीज जमिनीकडे धावते आणि फ्यूज उडतो. पिन काढली असेल तर काहीच उडत नाही. पत्रा जिवंत होऊन हात लावणाऱ्याची वाट बघत राहतो. आणि माझ्याकडे सुट्टीत येणारी नात चार वर्षांची, तिला चमकणाऱ्या नळ्या फार आवडतात. त्या रात्री मी प्लग काढून ठेवले, सकाळी बाजारातून नवे तीन पिनांचे प्लग आणून बसवले. गुणगुण परत आली, पण मला चालली.

मग शोध सुरू केला. एकेक वायर काढून बघितली. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून जुन्या ॲम्प्लिफायरला एक वायर जात होती, ती काढली आणि गुणगुण थांबली. गच्चीवरून येणारी केबल स्वतःचा अर्थ घेऊन येते, आणि माझ्या प्लगचा अर्थ वेगळा. दोन्हींच्या मध्ये एक रिंगण तयार होतं आणि त्यात मेन्सची वीज फिरत राहते. म्हणजे दुखणं एका वायरचं होतं आणि आम्ही कापायला निघालो होतो अर्थ. आता जुना, दोन्ही नवे आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच बोर्डावर आहेत, टीव्ही वेगळा.

पण चिमटा डोक्यातून जाईना. आपल्या सोसायटीच्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, ‘काका, तुमच्या पिनेला अर्थ नावापुरताच आहे.’ आम्ही खाली उतरलो. आमच्या विंगचा अर्थिंगचा खड्डा सापडेना! पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो खाली गाडला गेला होता. कोळसा, मीठ घालून केलेला खड्डा, त्याला ओल लागते. वर ब्लॉक बसल्यापासून त्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. मग आठवलं, दोन-तीन वहिनी म्हणायच्या, ‘वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात.’ आपण हसून म्हणायचो, ‘पायात चप्पल घाला.’ चूक कुणा एकाची नव्हती, आपल्या सगळ्यांची होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कमिटीनं पुढच्याच मीटिंगमध्ये खर्च मंजूर केला, नवा खड्डा झाला, वर झाकण आलं. या पंचवीस वर्षांत आपण रंग काढला, लिफ्ट बदलली, गेट केलं, त्या सगळ्याचे फोटो या स्मरणिकेत आहेत. खड्ड्याचा फोटो कोणी काढला नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

आता राहिला आवाज. तो जोरात केला की फाटायचा. माझे स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, 84 डेसिबल देणारे. 90 वाल्यांना जेवढी ताकद लागते तिच्या चौपट यांना लागते. म्हणजे बारा वॉटवाल्यानं आधी स्पीकरचा हा आकडा बघायला हवा, ॲम्प्लिफायर नंतर. मी नवे स्पीकर घेतले नाहीत, खुर्ची अर्ध्या अंतरावर पुढे ओढली. शिवाय पाठीमागे 4 आणि 8 ओमचे वेगळे स्क्रू होते. माझे स्पीकर 4 ओमचे, आणि मी वायर 8 ला लावली होती. ती बदलली, तसं फाटणं कमी झालं आणि तबल्याचा डग्गा घट्ट झाला.

कुणाला हौस असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शोकेसमध्ये कोंडू नका, नळ्या भाजण्याइतक्या तापतात. मुलं येणार असतील तर जाळी बसवा. आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर ॲम्प्लिफायरच्या आधी तो घ्या.

विजेच्या बिलाची काळजी नको. माझे दोन्ही मिळून दीडशे वॉटच्या आसपास घेतात, तीन तास ऐकलं तरी अर्धा युनिट होत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. फरक पडला का? मी सौभाग्यवतींना डोळे मिटून बसवलं आणि आवाज सारखा ठेवून दोन्ही ऐकवले. पाचपैकी तीन वेळा त्यांनी नवा ओळखला. तीन म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मला मात्र नव्यावर गळा जवळ आल्यासारखा वाटतो. त्यात नळ्यांचा वाटा किती आणि पुढे ओढलेल्या खुर्चीचा किती, हे छातीठोकपणे सांगत नाही.

हे सगळं मी मुलाला सांगितलं, तीन आठवड्यांच्या ‘झकास’सकट. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘बाबा, पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत. मला वाटलं, तुम्हाला आवडला नाही म्हणून फोन लवकर ठेवता.’ आता रविवारी आमचा फोन बराच वेळ चालतो.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी या, आपापली रेकॉर्ड घेऊन या. आणि उन्हाळ्यात सकाळी मी पार्किंगमध्ये बादली घेऊन दिसलो, तर झाडांना पाणी घालतोय असं समजू नका. खड्ड्याला पाणी घालायचं काम कमिटीनं माझ्याकडे दिलंय. मी बाहेरगावी असलो, तर तुमच्यापैकी कुणीतरी घाला.