मुक्या प्रवाशाचा चातुर्मास

सोबतच्या कुत्र्यासाठीं वाहनांत बसण्याचें नाकारणारा पहिला प्रवासी म्हणजे धर्मराज युधिष्ठिर. महाप्रस्थानाच्या अखेरीस इंद्र रथ घेऊन सामोरा आला. परंतु वाटेनें पाठोपाठ आलेल्या कुत्र्याला स्वर्गांत जागा नाहीं असें त्यानें सांगितलें. आश्रयाला आलेल्या जीवाला टाकून मिळणारा स्वर्ग धर्मराजाला नको होता. शेवटीं त्या कुत्र्याच्या रूपानें साक्षात् धर्मच उभा होता असें उघड झालें. ही कथा जुनी झाली असें कोणीं म्हणूं नये. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें तेव्हां तेथें शिकणाऱ्या कांहीं भारतीय विद्यार्थ्यांनीं आपलें कुत्रें किंवा मांजर मागें ठेवून परतण्याचें नाकारलें, आणि भारत सरकारनें त्या प्रसंगापुरती नियमांत सवलत देऊन त्या मुक्या प्राण्यांना येऊं दिलें.

परंतु शांततेच्या काळांत इंद्र प्रसन्न होत नाहीं, आणि सरकारही नियम सैल करीत नाहीं. विमानतळावर कितीही अश्रू ढाळले तरी चुकलेली तारीख दुरुस्त होत नाहीं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका कुटुंबाची कल्पना करावी. कर्त्या मुलाला जर्मनींत नोकरी लागली आहे. नोव्हेंबरच्या मध्यास पत्नी व मुलगी यांसह त्यानें निघावें असें ठरतें. घरांत सहा वर्षांचा मोती नांवाचा कुत्रा आहे, आणि तोही येणार हें मुलीनें गृहीत धरलेलें आहे. पारपत्र, व्हिसा, शाळेचा दाखला, बँकेचीं कामें यांत पावसाळा निघून जातो. मोतीच्या कागदांची आठवण होते ती दसऱ्याला. आणि पशुवैद्य हिशेब मांडून दाखवितात तेव्हां घरांत कोणीच बोलत नाहीं. मोतीला आतां कुटुंबासोबत जातां येणार नाहीं.

हा हिशेब असा आहे. प्रथम कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी लागते. तिच्यांत आंतरराष्ट्रीय मानकाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. तीच त्या प्राण्याची ओळख. त्यानंतर, किंवा फार तर त्याच वेळीं, रेबीजची म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस टोंचावयाची. चिप बसविण्यापूर्वीं टोंचलेली लस युरोपांत धरली जात नाहीं, कारण ती नेमकी याच कुत्र्याला टोंचली हें सिद्ध होत नाहीं. लशीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावें लागतें. तेथें रोगप्रतिबंधक द्रव्याचें प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलें पाहिजे. आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने गेल्यावांचून भारतांतून निघालेल्या प्राण्याला युरोपीय संघाच्या देशांत प्रवेश नाहीं.

पंधरा नोव्हेंबरपासून उलट मोजत यावें. रक्त पंधरा ऑगस्टच्या आंत काढलें पाहिजे, आणि लस पंधरा जुलैच्या आंत टोंचली पाहिजे. म्हणजे आषाढी ते कार्तिकी असा हा एक चातुर्मासच झाला. अहवालांत प्रमाण कमी भरलें तर लस व रक्त हीं दोन्हीं पुन्हां करावीं लागतात, आणि व्रत पहिल्यापासून धरावें लागतें. यास्तव शहाण्यानें ज्येष्ठांतच आरंभ करावा.

हे नियम कोणा कारकुनाच्या लहरीनें झालेले नाहींत. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे हळूहळू सरकतो. या वाटचालीला कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिने लागतात. तोंवर प्राणी धडधाकट दिसतो, आणि एकदां लक्षणें उमटलीं कीं मरण बहुतेक अटळ असतें. लस लागू पडली कीं नाहीं हें रक्ताच्या परीक्षेनें कळतें; परंतु लशीपूर्वींच रोग आंत शिरला होता कीं काय, हें केवळ काळच सांगूं शकतो. ते तीन महिने यासाठींच. पाश्चर यांनीं १८८५ सालीं या रोगावरील लस माणसाला प्रथम दिली. तरीही भारतांत आजही दर वर्षी माणसें या रोगानें मरतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे परक्या देशाची सावधगिरी जाचक वाटणार नाहीं.

इंग्लंडनें तर ही सावधगिरी शंभर वर्षें पाळली. नाशिकजवळच्या देवळाली छावणींत मायदेशीं परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत राहत. त्यांतील कोणीं येथलें कुत्रें सोबत नेलें असतें, तर विलायतेच्या किनाऱ्यावर त्याच्या नशिबीं सहा महिन्यांचा विलगवास होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें तसा कायदाच होता. पुढें ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें. प्रवासाचे दिवस घटले, परंतु विलगवासाचा एक दिवसही घटला नाहीं. कांहीं देशांसाठीं तो २००० सालीं सुटला, आणि भारतासारख्या देशांसाठीं २०१२ सालीं. चिप, लस, रक्तपरीक्षा आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा यांनीं त्याची जागा घेतली. प्राण्याला परदेशांतल्या पिंजऱ्यांत काढावे लागणारे महिने आतां स्वतःच्या ओसरीवर काढतां येतात, हा केवढा लाभ!

मात्र एका देशाचा नियम दुसऱ्यास लागू पडेल असें मानूं नये. ब्रिटनमध्यें पाळीव प्राण्याला विमानानें न्यावयाचें तर तो माल म्हणूनच उतरतो. शिवाय कुत्र्याला पोंचण्यापूर्वीं एक ते पांच दिवसांच्या आंत पट्टकृमीचें औषध पशुवैद्याच्या हातून द्यावें लागतें. जपानांत रक्त काढल्यापासूनची मुदत १८० दिवसांची आहे. ऑस्ट्रेलिया भारतांतून थेट आलेलें कुत्रें वा मांजर स्वीकारीतच नाहीं. मध्यंतरीं दुसऱ्या मान्य देशांत त्याचें वास्तव्य व्हावें लागतें. अमेरिकेनें १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्यास प्रवेश बंद केला असून, भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठीं अधिक कडक अटी घातल्या आहेत.

कागद तयार होत असतांना प्राण्याच्या मनाचीही तयारी झाली पाहिजे. पिंजरा निघण्याच्या आदल्या दिवशीं आणूं नये. तो दोन महिने आधीं आणून बैठकीच्या खोलींत उघडा ठेवावा. मोतीचें अंथरूण त्यांत घालावें, त्याची भाकरी त्यांतच द्यावी. कांहीं दिवसांनीं दार थोडा वेळ लावावें, मग अधिक वेळ. पिंजरा ही शिक्षा नसून आपली खोली आहे असें त्याला वाटूं लागलें कीं निम्मा प्रवास झाला. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें, म्हणजे आयाटानें, पिंजऱ्याचें मापही ठरवून दिलें आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी ७० सेंटिमीटर आणि जमिनीपासून कोपरापर्यंत पायाची उंची ३० असेल, तर पिंजऱ्याची लांबी ७० अधिक १५, म्हणजे ८५ सेंटिमीटर हवी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट, आणि उंची एवढी कीं अंथरुणावर उभें राहूनही डोकें वा कान वर टेकूं नयेत.

प्रवासांत शांत झोपावा म्हणून गुंगीचें औषध देण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळावा. गुंगींतल्या प्राण्याला तोल सांवरतां येत नाहीं, श्वास व रक्तदाब मंदावतात, आणि विमानाच्या पोटांत त्याच्याकडे पाहणारें कोणी नसतें. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना तर उष्म्यांत व तणावांत श्वास अपुरा पडतो. कित्येक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहींत.

शेवटचे दहा दिवस धांवपळीचे असतात. केंद्र सरकारच्या मुंबईंतील पशु विलगीकरण व प्रमाणन केंद्रांत प्राणी स्वतः हजर करून निर्यातीचें आरोग्य प्रमाणपत्र घ्यावें लागतें. युरोपासाठीं सरकारी पशुवैद्याची ही सही तेथें पोंचण्यापूर्वींच्या दहा दिवसांतली लागते. म्हणून नाशिककरांनीं कसाऱ्याच्या घाटाची एक फेरी आधींच हिशेबांत धरावी. निघण्याच्या दिवशीं हलकें जेवण कांहीं तास अगोदर द्यावें, पाणी मात्र तोडूं नये, आणि उन्हाळ्यांत रात्रींचें विमान पाहावें.

एवढें सारें करूनही एक प्रश्न उरतो. न्यावेंच काय? चौदा वर्षांचें, हृदयाचा विकार असलेलें कुत्रें केवळ आपल्याला त्याचा वियोग सोसवत नाहीं म्हणून विमानांत घालणें, ही माया त्याच्यासाठीं कीं स्वतःसाठीं, हें घरांतल्या मोठ्यांनीं मनाला विचारावें. उत्तर नकारार्थी आलें तर तें मुलांपासून लपवूं नये. ज्या आजोबांकडे वा स्नेह्यांकडे तो राहणार, त्यांच्या घरीं त्याला महिनोन्महिने आधीं नेऊं लागावें. त्याचें जुनें पांघरूण, औषधांची यादी आणि फिरावयास जाण्याची वेळ हीं सर्व त्यांच्या स्वाधीन करावीं. वेळेवर विचार केला तर ठेवून जाणेंही नीट साधतें. ऐन वेळीं केला तर तें टाकून जाणें होतें.

तेव्हां ज्या घरीं या महिन्यांत परदेशाहून नेमणुकीचें पत्र आलें असेल, त्या घरानें तिकिटाची चौकशी उद्यांवर टाकली तरी चालेल. आज संध्याकाळीं मोतीला घेऊन पशुवैद्याकडे जावें, आणि चिप, लस व रक्त या तीन तारखा भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून याव्यात. मोती ते आंकडे वाचणार नाहीं. पण त्याच्या वतीनें ते कोणीं तरी वाचलेच पाहिजेत.