मद्य आणि मेंदूतील पहारेकरी
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेले भाषण)



सप्तव्यसनांच्या त्यागाची शिकवण या सभागृहातील बहुतेकांना बालपणापासून लाभली आहे. त्यामुळे मद्य वर्ज्य करा, हे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. मद्य प्राशन केल्यावर मेंदूत काय घडते, हे समजून घेतल्यास व्यसनात अडकलेल्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक डोळस होईल, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. आपल्याकडेही बंदी व्हावी, यासाठी ‘स्वामिनी’ अभियानातील भगिनींनी चिकाटीने आवाज उठविला. २०२१ च्या एप्रिल महिन्यात कोरोनाच्या निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद असताना वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांना प्राण गमवावे लागले. दुकानाला कुलूप लागले, पण तलफेला लागले नाही. ही तलफ इतकी अनावर का होते? तिच्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एकाचा शोध गेल्या काही दशकांत मेंदूच्या प्रतिकारयंत्रणेत घेतला जात आहे.

प्रतिकारशक्ती म्हटली की आपल्याला रक्तातील पांढऱ्या पेशी आठवतात. मेंदूला मात्र स्वतःचे स्वतंत्र पहारेकरी आहेत. त्यांना ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटविली. एरवी या पेशी आपल्या नाजूक शाखा हलवीत भोवतालच्या मज्जापेशींची निगराणी करीत असतात. जंतुसंसर्ग किंवा इजा झाली की त्या आपले रूप बदलतात आणि ‘सायटोकाइन’ नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यातून दाह निर्माण होतो. संकट टळले की त्या पुन्हा शांत होतात.

मद्य ही व्यवस्था दोन वाटांनी बिघडविते. पहिली वाट आतड्यातून जाते. अतिमद्यपानाने आतड्याचे अस्तर सैल होते आणि जिवाणूंच्या आवरणातील एन्डोटॉक्सिन हा विषारी घटक रक्तात उतरतो. त्याला उत्तर म्हणून यकृतातील पेशी ‘टीएनएफ-अल्फा’सारखे सायटोकाइन सोडतात आणि हा संदेश रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. दुसरी वाट थेट आहे. मेंदूत शिरलेले मद्य मायक्रोग्लियावरील ‘टीएलआर-४’ या ग्राही प्रथिनाला चेतविते. हे प्रथिन वस्तुतः जिवाणूंची चाहूल घेण्यासाठी असते. शत्रू आलेला नसतानाही धोक्याची घंटा वाजू लागते. स्पेनमधील वालेन्सिया येथील संशोधकांनी हे प्रथिन नसलेल्या उंदरांना मद्य दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूत तसा दाह उद्भवला नाही.

हे वारंवार घडले तर बिथरलेला पहारेकरी पुढील वेळी लहानशा चाहुलीनेही अधिक जोराने पेटून उठतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत मद्यासक्तांच्या मेंदूंची तपासणी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘एमसीपी-१’ या दाहसूचक प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत असा दाह नव्या मज्जापेशींच्या निर्मितीत अडथळा आणतो, असे दिसते. अस्वस्थता, खिन्नता आणि पुन्हा पिण्याची ओढ यांतही त्याचा वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. मात्र यातील बराच पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. जिवंत माणसांच्या मेंदूच्या चित्रणातून अद्याप तितके एकसारखे निष्कर्ष निघालेले नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या ज्ञानातून आपल्यासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली किशोरवयाविषयी. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. किशोरवयात मद्य दिलेल्या उंदरांच्या मेंदूत दाहाच्या खुणा प्रौढपणीही टिकून राहिल्याचे आढळले आहे. म्हणून ‘एकदा घेतली तर काय बिघडते?’ या मित्राच्या आग्रहाला ठामपणे नकार देण्याचे बळ आपण मुलामुलींना घरातूनच दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट व्यसनाधीन माणसाविषयी. त्याला केवळ दुबळ्या मनाचा ठरवून हिणविणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या निश्चयाला आजारलेल्या मेंदूशी झुंजावे लागते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि क्वचित प्राणही जाऊ शकतो. त्यामुळे त्याला शपथ घालून खोलीत कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आशेची बाब अशी की, मद्य सोडल्यानंतर काही महिन्यांत मेंदूची बरीचशी हानी भरून येऊ शकते.

दारूबंदीची मागणी करणाऱ्या भगिनींच्या पाठीशी आपण उभे राहूच. पण दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरू लागतील, त्याच्या उपचाराची सोयही त्याच वेळी झाली पाहिजे. स्वतः व्रत पाळणाऱ्याने व्रत मोडलेल्याचा हात धरावा, हे आपल्या परंपरेतील करुणेला शोभणारे आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका तरी कुटुंबाला उपचारापर्यंत पोहोचवावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.