बीपी पडायची वाट कशाला पाहायची?



अंबाबाईच्या करवीरनगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. बाळंतिणीच्या सुरक्षिततेसाठी भरणारी परिषद आमच्या गावी व्हावी, याचा आम्हा कोल्हापूरकरांना अभिमान वाटतो.

१८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातून भूल दिली. आज सिझेरियनला आपला भरवसा याच भुलेवर आहे. आई जागी असते, बाळाचा पहिला टाहो ऐकते. मात्र रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही या भुलेने बधिर होतात, रक्त पायांत साचते आणि भरल्या गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो. बीपी घसरते, आईला मळमळू लागते. वारेचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवरच चालत असल्याने झळ बाळालाही लागते.

आजवर आपल्यापैकी बरेच जण बीपी पडले की मेफेन्टरमिन देत आलो. आता धोरण बदलायला हवे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सिस्टॉलिक बीपी मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांखाली जाऊ न देणे हे उद्दिष्ट आहे. त्यासाठी भूल देताच फेनिलेफ्रिन मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम वेगाने सुरू करायचे, त्याच वेळी सलाइन भरभर सोडायचे आणि आईला डावीकडे कलते ठेवायचे. फेनिलेफ्रिनने नाडी मंदावू शकते, म्हणून नजर बीपीइतकीच नाडीवरही हवी. नॉरएपिनेफ्रिनच्या पर्यायाची चर्चा इथे होईलच.

तालुक्याच्या गावी एकटा भूलतज्ज्ञ चार दवाखाने सांभाळतो, सिरिंज पंप सगळीकडे नसतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पंपाविना फेनिलेफ्रिन या वेगाने कसे द्यायचे, यावर कार्यशाळा ठेवली आहे. फेनिलेफ्रिनचे दहा मिलिग्रॅमचे अँप्युल शंभर मिली सलाइनमध्ये मिसळले की एका मिलीत शंभर मायक्रोग्रॅम येतात. हे गणित सिरिंजवरच्या चिठ्ठीवर ठळक लिहिण्याची सवय परिचारिका भगिनींनीही लावून घ्यावी, कारण विरळ न केलेले औषध चुकून गेले तर जिवावर बेतते.

दोन दिवस मोकळेपणाने वाद घाला, अनुभव सांगा. तांबडा-पांढरा रस्सा तयार आहे. पाहुणचारात उणे राहिले तर हक्काने सांगा. जाताना मात्र आपापल्या रुग्णालयासाठी एक लेखी पद्धत ठरवूनच जा, ही यजमानांची विनंती.