सोयाबीनची मूळकूज : बुरशी एक, वाण अनेक

गटांच्या बैठकांमध्ये आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. "ताई, बियाणं एकाच दुकानातलं, पेरणी एकाच आठवड्यातली. मग तिचं सोयाबीन उभं आणि माझं शेंगा भरताना वाळलं कसं?" कुणी म्हणतं बियाणं बोगस, कुणी म्हणतं नजर लागली. बियाण्यासाठी गटाचं कर्ज उचललेलं असतं. म्हणून कारण नीट समजून घेऊ.

वाळलेलं झाड उपटा आणि खोडाचा बुडखा नखानं खरवडा. सालीखाली कोळशाची पूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके दिसले, तर ती मूळकूज असण्याची शक्यता मोठी. ही मॅक्रोफोमिना नावाची बुरशी. आपल्या सासवांना ती वेगळ्या नावानं माहीत आहे. रब्बी ज्वारीला खडखड्या लागतो ना, ताटं आतून पोकळ होऊन लोळतात, तो हिचाच. तूर, हरभरा, तीळ, कापूस, मका धरून ५०० हून जास्त वनस्पतींवर ती जगते. म्हणून नुसती पिकाची फेरपालट करून ती जात नाही.

ते काळे ठिपके म्हणजे बुरशीचं बियाणंच समजा. मातीत ते काही वर्षं टिकतं. पावसानं ताण दिला, जमीन तापली, की बुरशी मुळात शिरते.

आता खरी गोष्ट. मालदांडी आणि दगडी, दोन्ही ज्वारीच. पण गुण वेगळे. तसंच या बुरशीचं आहे. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या शेतांतून ती गोळा करून तपासली, तेव्हा तिच्या जनुकांत फरक दिसला. काही प्रकार झपाट्यानं वाढतात, काही सावकाश. काही झाडाला लवकर मारतात, काही कमी त्रास देतात. एकाच शेतातही दोन प्रकार सापडतात. त्यामुळे एका गावात टिकलेला वाण दुसऱ्या गावात टिकेलच, असं नाही. त्यात जमीन हलकी की भारी, ओल किती, हाही फरक असतोच.

मग आपण काय करायचं? साऱ्या गटानं एकाच वाणावर भिस्त ठेवू नये. दोन-तीन वाण वाटून पेरावेत. घरचं बियाणं असेल तर किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा हलक्या हातानं चोळून सावलीत सुकवावं. सोयाबीनची साल नाजूक असते. पिशवीतल्या बियाण्याला आधीच औषध लावलेलं असेल, तर ट्रायकोडर्मा चालेल का, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावं. पेरा दाट करू नये. रुंद वरंबा-सरीनं ओल टिकते. पाण्याची सोय असेल तर शेंगा भरताना एक पाणी द्यावं. आणि झाड वाळल्यावर फवारणीला पैसे घालू नयेत. ते झाड परत उभं राहत नाही.

शेवटी एक काम आपलंच. खुरपणी-कापणीला शेताचा कोपरा न् कोपरा आपण पाहतो. कुठं झाडं वाळली, वाण कोणता, जमीन कशी, एवढं गटाच्या वहीत लिहून ठेवा. मुळासकट दोन-चार झाडं कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुढच्या वर्षी बियाण्याचं कर्ज मागताना ती वही समोर ठेवू, आणि कोणता वाण घ्यायचा ते आपल्याच शिवाराकडं पाहून ठरवू.